संवेदनशील त्वचेची वधू आणि मिनरल बेस: निवडीपासून लग्नापर्यंतच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४

लग्न ४ डिसेंबरला, पुण्यातल्या कार्यालयात. आदल्या दिवशी हळद. वधूचा रंग गव्हाळ, पिवळसर झाक असलेला. कपाळ आणि नाक तेलकट, गाल कोरडे आणि पटकन लाल होणारे. त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या पॅच टेस्टचा, म्हणजे संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून घेतलेल्या ॲलर्जीच्या चाचणीचा, कागद सोबत आहे. त्यात दोन गोष्टी पॉझिटिव्ह आहेत: फ्रेग्रन्स मिक्स, म्हणजे नेहमीच्या सुगंधी द्रव्यांचे मिश्रण, आणि कोलोफोनी, म्हणजे राळ. हा कागद नसता तर नुसते अंदाज बांधत बसावे लागले असते. ज्यांच्या त्वचेवर वारंवार पुरळ उठते त्यांनी मेकअपची खरेदी करण्याआधी ही टेस्ट करून घ्यावी. ४८ तासांनी आणि पुन्हा ९६ तासांनी पाठ दाखवायला जावे लागते. तेवढे दिवस पाठ भिजवायची नसते.

एवढ्या लवकर सुरुवात करण्याचे कारण साधे आहे. एक पावडर हातावर तपासायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि ती बाधली तर त्वचा शांत व्हायला जवळपास तेवढेच. लग्नाच्या दहा दिवस आधी घेतलेल्या ट्रायलमध्ये काही बिघडले तर दुरुस्तीला वेळच उरत नाही.

आजपासून बंद: फेशियल, ब्लीच, स्क्रब, रेटिनॉल, ॲसिडवाली सीरम. रोजचा फेसवॉश आणि मॉइश्चरायझर तिला वर्षभर मानवलेले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. साहित्याचे बजेट ₹९,०००.

१ ऑक्टोबर: लेबले

‘मिनरल’ हा शब्द डबीवर कोणीही छापू शकतो. ‘हायपोॲलर्जेनिक’चेही तेच. म्हणून डबी उलटी करून घटकांची यादी वाचली. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिणे आपल्याकडे बंधनकारक आहे. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने येतात. सुगंध बहुतेक वेळा या शेवटच्या गर्दीत असतो, म्हणून यादी खालून वर वाचावी. घटकांची यादी, बॅच नंबर किंवा उत्पादन परवाना क्रमांक नसलेली सुटी पावडर, मोठ्या डबीतून काढून विकतात ती, विचारातच घेतली नाही.

फाउंडेशनसारखा बेस म्हणून लावायच्या पाच मिनरल पावडरी पाहिल्या. त्यांना क, ख, ग, घ, च म्हणू.

क: पहिलाच घटक बिस्मथ ऑक्सिक्लोराईड, सीआय ७७१६३ (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगद्रव्याचा क्रमांक). त्याचे कण चपटे आणि चमकदार असतात. लावताना मऊ लागतात, पण घाम आला की पुष्कळांना त्यांनी खाज सुटते. ही ॲलर्जी असतेच असे नाही, पण मांडवात खाजवत बसणाऱ्या वधूला तो फरक समजावून काय उपयोग? शिवाय तेलकट नाकावर त्याची चमक तेलासारखीच दिसते. ही ऑनलाइन मागवली होती, विक्रीच्या पानावर यादी नव्हती. डबी उघडलेली, त्यामुळे परत गेली नाही. ₹९५० पाण्यात.

ख: अभ्रक, टायटॅनियम डायऑक्साईड, आयर्न ऑक्साईड, सगळे ठीक. शेवटी ‘परफ्यूम’. बाद.

ग: पुढच्या बाजूला ‘शंभर टक्के नैसर्गिक’, मागे लॅव्हेंडर तेल आणि कार्माईन, सीआय ७५४७०. लॅव्हेंडरमधला लिनालूल हवेने बदलला की तोच ॲलर्जीचे कारण होतो. कार्माईन किड्यांपासून काढलेला रंग, खनिज नव्हेच. फ्रेग्रन्स मिक्स पॉझिटिव्ह असलेल्या माणसाला ‘नैसर्गिक’ तेले कृत्रिम सुगंधाइतकीच वर्ज्य.

घ: अभ्रक, झिंक ऑक्साईड, टायटॅनियम डायऑक्साईड, आयर्न ऑक्साईड. बस. ठेवली, एक शेड घेतली, ₹१,३५०.

च: अभ्रक, सिलिका, बोरॉन नायट्राईड, टायटॅनियम डायऑक्साईड, डायमेथिकोन, आयर्न ऑक्साईड. ठेवली. ₹१,६००.

‘पॅराबेन-फ्री’ या शिक्क्याला गुण दिले नाहीत. पाणी नसलेल्या सुट्या पावडरीला प्रिझर्व्हेटिव्ह लागतच नाही, आणि ॲलर्जीच्या बाबतीत पॅराबेन हे सौम्य प्रिझर्व्हेटिव्हांपैकी आहेत. दाबलेल्या कॉम्पॅक्टमध्ये मात्र बांधणीसाठी तेल, मेण आणि बहुधा प्रिझर्व्हेटिव्हही येते. यादी लांबली की संशयितही वाढतात. म्हणून या कामात फक्त सुटी पावडर.

३ ऑक्टोबर

कोपराच्या आतल्या बाजूला तपासणी सुरू. डाव्या हातावर घ, उजव्या हातावर च. साधारण ५ सेंमी बाय ५ सेंमी जागा, सकाळ-संध्याकाळ. एका हातावर एकच. तिसरी पावडर एकाच वेळी घ्यायची नाही, नाहीतर कोणती बाधली ते कळत नाही. रोज एकाच खिडकीजवळ, एकाच वेळी फोटो.

६ ऑक्टोबर

आतापर्यंतची तपासणी रद्द. कोरडी पावडर बाहीला पुसली जात होती. कुर्त्याच्या आत गव्हाळ डाग आणि हात स्वच्छ. ‘काही झाले नाही’ या निकालाला काही अर्थ नव्हता, कारण त्वचेवर काही राहिलेच नव्हते.

नवी पद्धत: नेहमीचा मॉइश्चरायझर पातळ लावून १० मिनिटे थांबायचे, मग पावडर स्वच्छ बोटाने दाबून बसवायची, घासायची नाही. अर्ध्या बाहीचे कपडे. तपासणी आजपासून पुन्हा पहिल्या दिवसावर.

१३ ऑक्टोबर

घ: स्वच्छ.

च: दुपारी बाहेरून आल्यावर चुणचुण, हलकी लाली, दोन तासांत गायब. इथे घाईने डबी फेकू नये. ॲलर्जीची लाली सहसा एक-दोन दिवस उशिरा येते, बारीक पुरळ घेऊन येते, लावलेल्या जागेच्या बाहेर पसरते आणि पुन्हा लावले की वाढते. क्षोभ लगेच येतो, लावलेल्या जागेपुरता राहतो आणि धुतले की उतरतो. हा दुसरा प्रकार. कारण बहुधा सिलिका: ती तेल शोषते, आणि आधीच कोरडी असलेली त्वचा आणखी कोरडी पडते. तेलकट भागाला हाच गुण उपयोगाचा आहे. म्हणून च फक्त कपाळ-नाकासाठी राखून ठेवली, गालांवर अजिबात नाही. तपासणी आणखी आठवडाभर चालू.

२० ऑक्टोबर: रंग

दोन्ही पावडरी हातावर पास. आता कानामागे आणि जबड्याच्या कडेला.

जबड्यावर घ राखाडी दिसते. झिंक आणि टायटॅनियम दोन्ही पांढरे, आणि या शेडमध्ये पिवळ्या-लाल ऑक्साईडचे प्रमाण कमी. मंद उजेडात फोनचा फ्लॅश मारून फोटो काढला तर चेहरा मानेपेक्षा दोन पायऱ्या पांढरा. लग्नाच्या फोटोग्राफरपुढे जाण्याआधी ही फ्लॅशची चाचणी घरी करायलाच हवी, आरशात ते दिसत नाही. च मधली सिलिकाही फ्लॅशमध्ये पांढरी पडते, म्हणून तिचा थर अगदी पुसट.

त्याच कंपनीची गडद, पिवळसर शेड घेतली, आणखी ₹१,३५०. नुसती ती लावली तर चेहरा मातकट. मग वजनाने मिश्रण: आधीची ३ भाग, गडद १ भाग. सोनारांकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा काटा, ₹५५०. चमच्याने मोजू नये, सुटी पावडर चमच्यात कधी दाबून बसते, कधी फुगून.

झिपच्या पिशवीत हलवून मिसळली तर पांढऱ्या कागदावर ओढल्यावर पिवळ्या रेघा दिसल्या. नुसते हलवून रंगाचे गोळे फुटत नाहीत. पिशवी सपाट ठेवून चमच्याच्या पाठीने बाहेरून रगडली, दुमडली, पुन्हा रगडली, तेव्हा कागदावरची रेघ एकसारखी आली. मिक्सरमध्ये फिरवू नये, अभ्रकाचे पापुद्रे मोडतात आणि पावडर खरखरीत होते. स्वयंपाकघरातला खलबत्ताही नको, मसाल्याचा अंश कितीही धुतला तरी राहतो. पंखा बंद आणि तोंडाला मास्क. हे कण बारीक असतात, दम्याच्या माणसाने तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

रंगाचा निर्णय लावल्या लावल्या घेऊ नये. दोन तास थांबून उन्हाच्या उजेडात पाहावे. कणांमधल्या पोकळीत त्वचेचे तेल भरते आणि ओल्या वाळूसारखा रंग गडद होतो. याला सगळे ‘ऑक्सिडाईज झाले’ म्हणतात, पण आयर्न ऑक्साईड आधीच ऑक्साईड आहे. ३:१ हे मिश्रण लावताना किंचित फिके वाटले आणि दोन तासांनी मानेशी जुळले.

२४ ऑक्टोबर: घाम

ऑक्टोबर हीट आयती मिळाली आहे. पूर्ण चेहऱ्यावर बेस लावून पंखा बंद करून बसवले. नाकाच्या कडेला पावडर गोळा झाली, गालांवर पोपडे दिसले.

कारणे दोन. मॉइश्चरायझर मुरायच्या आत पावडर लावली होती. १० मिनिटे हाताला पुरतात, चेहऱ्याला २० लागतात. आणि पावडर फार झाली होती. डबी आधी आणि नंतर काट्यावर ठेवली: ०.७ ग्रॅम गेली होती. झाकणात घेऊन, ब्रश फिरवून, जास्तीची झटकून दोन पातळ थर दिले तेव्हा ०.३५ ग्रॅममध्ये तेच झाकले गेले. डाग जास्त असतील तिथे तिसरा थर, फक्त तेवढ्यापुरता.

२६ ऑक्टोबर

दोन्ही गालांवर लाल पट्टे. सगळे थांबवले.

पट्ट्यांचा आकार पाहिल्यावर उलगडा झाला. ब्रश गोल फिरवला होता आणि लाली बरोबर त्याच वळणांवर. जबड्यावर पावडर बोटाने लावली होती तिथे काहीच नाही. संशय ब्रशवर. तो बकरीच्या केसांचा, टोके टोचणारी, आणि सुगंधी शॅम्पूने धुतलेला. दाट ब्रशच्या मुळाशी शॅम्पूचा अंश राहतो आणि पावडरबरोबर गालावर येतो. बेबी शॅम्पूही बहुतेक सुगंधीच असतात.

बदल: सिंथेटिक केसांचे दोन ब्रश, एक सपाट डोक्याचा काबुकी आणि एक लहान, मिळून ₹९००. धुवायला वधूचाच बिनवासाचा फेसवॉश. पाणी निवळेपर्यंत खळबळायचे आणि आडवे ठेवून पूर्ण वाळवायचे. उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरते आणि गोंद सुटतो.

३० ऑक्टोबर

लाली उतरली. त्याच पावडरीने, नव्या ब्रशने गालाच्या एका कोपऱ्यावर सुरुवात.

उद्या दिवाळीची पहिली आंघोळ. उटण्यात कचोरा, नागरमोथा, वाळा, वर गुलाब पाकळ्यांची पूड. सुगंधाची ॲलर्जी असलेल्या त्वचेला हे सगळे सुगंधच. आईंचा आग्रह होता, त्यावर तोडगा: तिला सवयीचे साधे खोबरेल आणि चेहरा-मान सोडून नुसते बेसन. तरीही पाडव्यापर्यंत तपासणी बंद. घरात अगरबत्ती, अत्तर, फटाक्यांचा धूर एकत्र असताना लाली आली तर दोष कोणाला देणार?

९ नोव्हेंबर: पावडरीच्या आजूबाजूचे

गाल स्वच्छ. बेस पक्का झाला. आता उरलेले, आणि खरी मेहनत इथेच आहे.

वॅक्स: पार्लरच्या बहुतेक वॅक्समध्ये राळ असते. कोलोफोनी पॉझिटिव्ह म्हणजे हात-पायांचे वॅक्सही बंद. ट्रिमर. भुवयांना थ्रेडिंग, तेही लग्नाआधी चार दिवस.

पापण्या: नकली पापण्या आणि त्यांचा गोंद वगळला. मस्काऱ्यातही राळ किंवा तिचे प्रकार असू शकतात. नावात ‘रोझिन’ किंवा ‘रोझिनेट’ दिसले की बाद.

गुलाबपाणी: बेस बसवायला सर्रास फवारतात. गुलाबात जिरॅनिऑल असते आणि तो फ्रेग्रन्स मिक्समधलाच एक घटक आहे. त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर, बारीक फवाऱ्याच्या बाटलीत, त्या दिवशी भरलेले. दोन हलके फवारे, हातभर अंतरावरून. जवळून मारले तर थेंबांचे ठिपके उठतात.

टिकली: गोंदाची टिकली ही तशीही जोखीम, पॅराटर्शरी ब्युटिलफिनॉलसारख्या रसायनांमुळे कपाळावर पांढरे डाग पडल्याची प्रकरणे त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाहीत. बाजारच्या कुंकवात रंग आणि वास दोन्ही. चंद्रकोर तर हवीच. उपाय: लाल आयर्न ऑक्साईड, सीआय ७७४९१, बिनवासाच्या सिलिकोन प्रायमरमध्ये घट्ट कालवून बारीक ब्रशने काढायची आणि वर कोरडा ऑक्साईड दाबायचा. रंग लालभडक नाही, मरून येतो, आणि नऊवारीवर तो उलट शोभतो. ऑक्साईड ५० ग्रॅम ₹३००, प्रायमर ₹७५०. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साईड किंवा गेरू चालणार नाही, तो फरशीसाठी असतो. सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिसे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) आणि आर्सेनिक २ पीपीएमच्या आत लागते, आणि तसा दाखला विक्रेत्याकडून मागता येतो.

ब्लश: बेसमध्येच तोच लाल ऑक्साईड. १ ग्रॅमला ०.०४ ग्रॅम पुरतो, पण ०.०१ च्या काट्यावर ०.०४ भरवशाने मोजता येत नाही. म्हणून ५ ग्रॅम बेसला ०.२० ग्रॅम. शुद्ध ऑक्साईड आधी थोड्या बेसबरोबर काचेवर पातीने रगडून घ्यावा, नाहीतर गालावर लाल रेघ उमटते आणि ती पुसताना आणखी पसरते.

ओठ: निव्वळ खनिजातून झगझगीत लाल मिळत नाही, विटकरीच मिळतो. वधूला लालच हवा. मग मिनरलचा हट्ट सोडून बिनवासाची साधी लिपस्टिक, ₹६५०, हातावर वेगळी तपासणी. मिनरल असणे हे उद्दिष्ट नाही, न बाधणे हे आहे. गुलाबी छटेसाठी कोणी अल्ट्रामरीन सुचवतात. अमेरिकेच्या नियमांत तो ओठांसाठी चालत नाही, आम्हीही टाळला.

१७ नोव्हेंबर: पूर्ण ट्रायल

लिपस्टिक पास. सकाळी ९ ते दुपारी ४, नऊवारी, मुंडावळ्या, नथ, सगळे.

मुंडावळ्यांची सर कपाळावर घासून बेस निघतो. तिथे दुसरा थर देण्याआधी फवारा मारून सुकू दिला, मग टिकला. टच-अप करताना आधी टिश्यूने टिपणे, मगच पावडर. घामावर थेट पावडर मारली तर चट्टा बसतो आणि तो काढायला सगळा गाल उतरवावा लागतो. फवाऱ्याने ओला झालेला ब्रश डबीत घालायचा नाही. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, पाणी गेले की जंतू वाढणार. झाकणात घ्यायचे, उरलेले फेकायचे.

डबीवर एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) २० छापले आहे. ते मोजताना दर चौरस सेंमीला २ मिलिग्रॅम लावतात. चेहरा साधारण ६०० चौरस सेंमी धरला तर १.२ ग्रॅम. आपण लावतो ०.३५. बाहेरच्या फोटोंसाठी खाली सनस्क्रीन हवेच. तिच्याकडे झिंक ऑक्साईडचे, बिनवासाचे, सवयीचे आहे. त्याचा पांढरेपणा धरून वरचे मिश्रण ३:१ ऐवजी ५:२ केले.

२५ नोव्हेंबर

हळदीचा प्रश्न रंगाचा आहे आणि त्वचेचाही. चेहरा पिवळा झाला की दुसऱ्या दिवशी जुळवलेली शेड चुकते, आणि डाग घासून काढले की गाल लाल. हळदीचीही काहींना ॲलर्जी असते. मावशी-काकूंशी बोलून ठरले: घरची साधी हळद, हात-पायांना मनसोक्त, चेहऱ्याला फक्त हनुवटीवर बोट. डाग तेलाने काढायचे, साबणाने घासायचे नाहीत.

४ डिसेंबर: लग्न

५.३० केस आधी. हेअर स्प्रे मारताना चेहऱ्यापुढे कागद धरला, स्प्रेचा सुगंध गालावर बसू नये म्हणून. ६.१५ चेहरा धुऊन मॉइश्चरायझर, ६.३५ सनस्क्रीन, ६.५५ पासून बेस. ७.४० ला चंद्रकोर, शेवटी लिपस्टिक.

होमाच्या धगीने वरच्या ओठावर घाम आला, दोनदा टिपून एकदा पावडर दिली. टिश्यू जाड होता, नाकपुडीजवळ घासल्यासारखी लाली. पुढच्या कामाला मऊ कापडी रुमाल ठेवणार. चंद्रकोरीची एक टोकदार कड अक्षतांच्या वेळी पुसली गेली, जागेवर दुरुस्त. खोलीत एक पाहुण्या स्वतःचा कॉम्पॅक्ट घेऊन ‘जरा टच-अप करते’ म्हणून आल्या. अशा वेळी पाठराखणीला आधीच सांगून ठेवलेले बरे, वधूला नाही म्हणता येत नाही.

रात्री उतरवताना आधी पातळ खोबरेल, मऊ कापडाने पुसून मग फेसवॉश. मेकअप काढायचे वाइप्स नाहीत, त्यात सुगंध आणि प्रिझर्व्हेटिव्ह दोन्ही असतात.

७ डिसेंबर

७२ तास झाले, पुरळ नाही. नाकपुडीची लाली दुसऱ्याच दिवशी गेली.

खर्च: घ च्या दोन शेड २,७००, च १,६००, वाया गेलेली क ९५०, ब्रश ९००, काटा ५५०, ऑक्साईड ३००, प्रायमर ७५०, लिपस्टिक ६५०. एकूण ₹८,४००. वेळ सगळ्यात जास्त गेला तो बाहीला पुसलेल्या पावडरीमुळे आणि ब्रशच्या शॅम्पूमुळे.

उरलेले मिश्रण वधूला दिले. डबीवर ५:२ प्रमाण, दोन्ही शेडचे बॅच नंबर, मिसळल्याची तारीख आणि ‘खाली सनस्क्रीन असेल तरच’ असे लिहिले आहे. नुसत्या मॉइश्चरायझरवर लावायची असेल तर ३:१ ची वेगळी लहान डबी सोबत आहे.